शंभर वर्षांची रेघ आणि सासऱ्यांची तलवार

वाईहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘माझे सासरे २० ऑगस्टला गेले. आमच्या देवघराबाहेरच्या भिंतीवर तीन हत्यारं आहेत. एक सरळ, लांब पात्याची तलवार. ती सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधीपासूनची, खंडेनवमीला तिचीच पूजा होते. दुसरी पांढऱ्या मुठीची कट्यार. तिसरी वाकडी, चकचकीत, लाल मखमली म्यानातली. सासऱ्यांच्या सत्कारात गावाने १९९८ साली दिलेली. मुलगा लेस्टरला असतो. डिसेंबरात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी जातोय. त्याचं म्हणणं, आजोबांची तलवार घेऊन या, माझ्या मुलाला कळू दे. धाकटे भाऊजी म्हणतात, पैठणीत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी टाका, विचारलं तर शोपीस म्हणा. शेजारी म्हणतात कुरियर करा. यांना काहीच पटत नाहीये. तुम्ही सांगाल तसं करू.’

ताई, नमस्कार.

आधी भाऊजींचं. तीस वर्षं मी सहार विमानतळावर कस्टमच्या कागदांमध्ये काढली, त्यामुळे पैठणीचा सल्ला मला नवा नाही. कुणी पैठणी सुचवतं, कुणी सतरंजी, एका गृहस्थांनी तर पापडाच्या डब्यांच्या मधोमध खंजीर बसवला होता. काउंटरवर दिलेली बॅग पट्ट्यावरून आत गेली की यंत्राखालून जाते. त्या यंत्राला पैठणी दिसतच नाही. दिसते ती फक्त तलवार, मुठीपासून टोकापर्यंत, रेखाचित्र काढल्यासारखी. मग रात्री दीड वाजता तुमचं नाव पुकारतात, आणि शोपीस हा शब्द तिथे ऐकून ऐकून गुळगुळीत झालेला असतो. शिवाय लपवलेली वस्तू सापडणं आणि दाखवलेली वस्तू अडवली जाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दाखवली तर फार तर परत घरी पाठवतील. लपवली तर तुमचा हेतूच लिहून घेतात.

आता तुमच्या तिन्ही वस्तूंकडे वळू. गंमत अशी आहे की तुम्ही ज्या दोन देशांमधून जाणार आहात, त्या दोघांनीही शंभर वर्षांवर रेघ मारलीय, पण उलटसुलट बाजूंनी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपलं सरकार बाहेर जाऊ देत नाही. इंग्लंडला मात्र शंभर वर्षांहून जुनी तलवार चालते, नवी वाकडी तलवारच नको असते. म्हणजे भिंतीवरची जुनी तलवार मुंबईत अडेल आणि सत्काराची तलवार तिकडे अडेल. तुमच्या घरच्या तीन हत्यारांपैकी एकही जसंच्या तसं लेस्टरला पोचत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना आशा लागायला नको.

सरळ पात्याची तलवार.

१९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा तिला लागू होतो. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर न्यायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला आहे. तुम्हाला नाही, मला नाही, तुमच्या मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट असला तरी त्याला नाही. नेताना सापडलं तर शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि वर दंड. किमान सहा महिने हे लक्षात घ्या. कस्टम कायद्याखाली वस्तू जप्त होते ते वेगळंच. कुरियरवाल्या शेजाऱ्यांनाही हेच सांगा. वस्तू बॅगेतून जाते की खोक्यातून, याने कायद्याला काही फरक पडत नाही. उलट खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं.

तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण तुमच्या यजमानांना जो प्रश्न पडला असणार तो असा: आमच्याच पणजोबांची वस्तू आम्हालाच नेता येत नाही म्हणजे काय? राग रास्त आहे. वस्तू तुमचीच आहे. सरकार ती मागत नाही, भिंतीवरून काढायलाही सांगत नाही. सक्तीची नोंदणी दगडी-धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या, लाकडी कोरीवकाम अशा वस्तूंना आहे, तलवारीला नाही. फक्त सीमा ओलांडायची नाही. आणि ही रेघ का मारली ते कळायला लांब जायला नको. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची फिरंग, म्हणजे परदेशी पात्याची तलवार, लंडनच्या लिलावात निघाली तेव्हा महाराष्ट्र सरकारने ती विकत घेतली. सुमारे सत्तेचाळीस लाख रुपये मोजले आणि १८ ऑगस्ट २०२५ ला ती मुंबईत उतरली. पात्यावर देवनागरीत सोन्याची अक्षरं, त्यात रघोजी भोसले सेनासाहेब सुभा हे नाव आणि किताब. एकदा गेलेली वस्तू परत आणायला एवढं लागतं. कोल्हापूरची जगदंबा तलवार तर १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट म्हणून गेली ती अजून तिकडेच आहे. वाघनखं आली तीसुद्धा तीन वर्षांच्या उसनवारीवर. तुमची तलवार कुणा सेनासाहेबांची नसेल, पण विमानतळावरचा अधिकारी ते रात्री दीड वाजता ठरवू शकत नाही आणि त्याने ठरवूही नये.

एक शक्यता मात्र उरते. घरात ‘पणजोबांची’ म्हणून सांगितलेली वस्तू खरंच तेवढी जुनी असते असं नाही. मी पाहिलेल्या निम्म्या ‘शिवकालीन’ तलवारी संस्थानी काळातल्या होत्या आणि काही तर लग्नाच्या बॅण्डवाल्यांकडून आलेल्या. तुमची तलवार शंभर वर्षांच्या आतली निघाली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही वस्तू पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र मिळतं आणि ते दाखवलं की कस्टमची हरकत संपते. सातारा जिल्हा त्यांच्या मुंबई मंडळात येतो आणि त्याचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे. हो, तोच सायनचा किल्ला, ज्याच्या पायथ्याशी मुंबईकर बस पकडतात आणि वर काय आहे ते पाहत नाहीत. जुनी की नवी यावर वाद झालाच तर शेवटचा शब्द सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा.

पण तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मला फार आशा नाही. मुठीला पूर्ण पंजा झाकणारी परज, वर मुठीच्या टोकातून निघालेली लोखंडी दांडी, पातं सरळ आणि मुठीजवळ दातेरी कडांच्या दोन चंद्रकोरी. या कोरी म्हणजे युरोपातल्या लोहारांची खूण. अशी पाती जहाजांतून कोकणच्या बंदरांवर उतरायची, इथे त्यांना मूठ बसायची, आणि परक्या पात्याची म्हणून तिला आपण फिरंग म्हणायचो. ग्राहक चंद्रकोरी बघून जास्त पैसे देतो हे कळल्यावर आपल्याकडच्या लोहारांनीही त्या ठोकायला सुरुवात केली, त्यामुळे कोर दिसली म्हणून पातं युरोपातलंच असेल असं नाही. पण जुनं असण्याची शक्यता पुष्कळ आहे. गंमत बघा, पातं मुळात तिकडचं असेल तरी कायदा तोच. वस्तू भारतात आहे एवढं पुरतं.

तेव्हा माझा सल्ला: तलवार वाईलाच ठेवा. मुलाला हवी असेल तर ती त्याच्या नावावर होऊ शकते, मृत्युपत्रात तसं लिहा, फोटो आणि मापांसकट लिहा. मालक लेस्टरला आणि तलवार वाईला, याला कुणाची ना नाही.

आता कट्यार. इथे मला जास्त काळजी आहे, आणि ती विमानाची नाही.

पहिलं म्हणजे ती कट्यार नव्हे. कट्यारीची मूठ आडवी असते, दोन समांतर दांड्यांच्या मध्ये मुठीत धरायची आणि गुद्दा मारल्यासारखी चालवायची. तुमच्या फोटोत मूठ पात्याच्या रेषेत सरळ आहे, त्यामुळे तो खंजीर. आपल्याकडे घरोघर सगळ्याच छोट्या हत्यारांना कट्यार म्हणायची पद्धत आहे, चालायचंच, पण अर्जावर बरोबर नाव लिहा.

खरी गोष्ट पांढऱ्या मुठीची. ती हाडाची असेल तर ठीक. हस्तिदंताची असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. घरच्या घरी अंदाज घेता येतो. मुठीचं टोक जिथे आडवं कापलेलं आहे तिथे भिंगातून बघा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेघांची जाळी दिसली तर हस्तिदंत. सुईच्या टोकाएवढे काळपट ठिपके किंवा खाचा दिसल्या तर हाड. कुणी तापलेली सुई टोचून बघा म्हणेल, तसलं काही करू नका. नक्की सांगायचं काम जाणकाराचं.

हस्तिदंत निघालं तर तारीख मोजा. वारशाने अशी वस्तू आली की नव्वद दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ती जाहीर करावी लागते. सासरे २० ऑगस्टला गेले. म्हणजे १८ नोव्हेंबरपर्यंत. दसरा होऊन गेलाय, दिवाळीच्या फराळात महिना कसा जातो ते तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून हे पत्र वाचल्यावर आधी हे काम करा आणि तिकिटांचं नंतर. साताऱ्याच्या उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात चौकशी केली की अर्ज कुठे द्यायचा ते सांगतील. सासऱ्यांच्या नावे जुनं मालकी प्रमाणपत्र आहे का ते त्यांच्या कपाटात शोधा. आमच्या पिढीतल्या माणसांनी असले कागद विम्याच्या पॉलिसीत किंवा सत्यनारायणाच्या पोथीत ठेवलेले असतात. नसेल तर वकिलाला बरोबर घेऊन जा आणि जे आहे ते सांगा. घाबरून मूठ काढून फेकू नका. आणि कुणी ‘मी घेतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा, कारण हस्तिदंताची विक्री आपल्याकडे बंद आहे आणि घेणाऱ्याइतकाच देणाराही अडकतो.

परदेशी नेण्याचा प्रश्नच उरत नाही. पातं जुनं म्हणून एक कायदा, मूठ हत्तीची म्हणून दुसरा.

तिसरी, सत्काराची. आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, फेटा आणि तलवार. महाराष्ट्रात अशा किती तलवारी माळ्यावर पडल्या असतील कोण जाणे. १९९८ ची, म्हणजे पुरातत्त्ववाल्यांना तिच्याशी देणंघेणं नाही. इथून ती निघेलही. अडचण तिकडे आहे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००८ पासून पन्नास सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, वाकड्या पात्याच्या तलवारी आयात करायला, विकायला बंदी आहे. स्वस्त नकली सामुराई तलवारींनी तिकडे मारामाऱ्या व्हायला लागल्या म्हणून हा नियम आला, पण नियमाने सामुराईचं नाव घेतलेलं नाही, वाकडेपणा आणि लांबी एवढंच बघितलंय. माप कसं घ्यायचं तेही लिहिलंय: मुठीच्या वरच्या कडेपासून पात्याच्या टोकापर्यंत सरळ रेषेत, वळणावरून नाही. तुमची तलवार पाऊण मीटरच्या आसपास असणार. ‘अहो पण तिला धारच नाही’ असं यजमान म्हणतील. नियमात धारेचा उल्लेखच नाही, लेस्टरच्या वाटेवर हा वाद घालू नका. आणि १४ जुलै २०२१ पासून अशी वस्तू तिथे घरात ठेवणं हाही गुन्हा झालाय. म्हणजे हीथ्रोवर निसटली तरी शिक्षा मुलाच्या दारावर टांगलेली राहील.

या बंदीतून शंभर वर्षांहून जुन्या तलवारी सुटतात, हे वर सांगितलंच. १९५४ पूर्वीच्या किंवा पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारीही सुटतात. सत्काराची तलवार या दोन्हींत बसत नाही. ती पत्र्यातून कापून मुलामा दिलेली असते. ती भिंतीवरच ठेवा. आजोबांना गावाने दिलेला मान गावातच शोभतो.

मग नातवाला काय न्यायचं? इथे मात्र मार्ग आहे, आणि मला तो या सगळ्यापेक्षा बरा वाटतो.

भिंतीवरच्या फिरंगीसारखीच एक नवी घडवून घ्या. सरळ पात्याची. वरची बंदी वाकड्या पात्याला आहे, सरळ पातं तिच्यात येत नाही. सरळ पात्यांपैकी १ ऑगस्ट २०२५ पासून तिकडे बंदी आहे ती ‘निंजा’ तलवारींना, म्हणजे चौदा ते चोवीस इंचांच्या, तिरकं छाटलेल्या टोकाच्या पात्यांना, तेव्हा लांबी आणि टोक जुन्या फिरंगीसारखंच ठेवा. एखादा शिकलगार किंवा लोहार गाठा जो अजून भट्टीत तापवून, घणाने ठोकून काम करतो. असे आहेत, पण विचारत विचारत जावं लागतं. घडवताना त्याचे फोटो काढा, पावती घ्या. पावतीवर तारीख, कारागिराचं नाव, आणि ‘हाताने घडवलेली नवीन वस्तू’ असं स्पष्ट लिहून घ्या. पातं सरळ असलं तरी हा कागद असू द्या, तिकडच्या अधिकाऱ्याला आपल्या तलवारींचे प्रकार पाठ नसतात. कारागिराला एकच गोष्ट बजावून सांगा: जुनी दिसावी म्हणून आम्ल लावायचं नाही, गंज चढवायचा नाही. काही जण हौसेने हे करतात आणि मग पुरातत्त्वाची शंका स्वतःच्या हाताने ओढवून घेतात. नवी वस्तू नवीच दिसू द्या. तरीही पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र काढाच. तलवारीच्या आकाराची कुठलीही वस्तू बघितली की तो कागद मागितला जातो. डिसेंबरच्या आधी हे सगळं जमलं नाही तर पुढच्या खेपेला न्या.

विमानासाठी: हातातल्या बॅगेत कुठलंही पातं नाही, लिंबू कापायची सुरीसुद्धा नाही. तलवार सामानात, म्यानात, टोक आणि धार जाड पुठ्ठ्याने बांधून, कठीण पेटीत. विमान कंपनीला आधी ईमेल करून लेखी होकार घ्या, फोनवरचा होकार काउंटरवर कुणाला आठवत नाही. मधे कुठे विमान बदलणार असाल तर त्या देशाचाही नियम विचारा. जमलं तर थेट लंडनचं तिकीट काढा, थोडं महाग पडेल पण एक कस्टम कमी. आमच्या तलवारीवाल्यांची सगळी रडगाणी मधल्याच विमानतळांवरची असत. लंडनला उतरल्यावर हिरव्या वाटेने जाऊ नका, लाल वाटेने जा आणि आपणहून दाखवा. वस्तूंची किंमत ३९० पौंडांच्या वर असेल तर कर भरावा लागेल, पावती इथेही कामाला येते. मग थेट घरी. लेस्टरच्या मंडळाच्या कार्यक्रमाला कुणी मिरवायला मागितली तर मुलाला आधी तिथल्या पोलिसांशी बोलायला सांगा, रस्त्यावर पातं घेऊन हिंडणं तिकडे फार गंभीरपणे घेतात.

आणि इकडेही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं आपल्या शस्त्र नियमांच्या यादीत आहेत आणि वर्तमानपत्रात रोज कुणीतरी ‘तलवार बाळगल्याप्रकरणी’ अटकेत असतो. म्हणून जुनी तलवार दाखवायला शीवला न्यायची वेळ आलीच तर आधी फोन करा, फोटोंवर भागतंय का विचारा. बहुतेक प्राथमिक काम फोटोंवर होतं. नाहीच भागलं तर वाई पोलिस ठाण्यात एक अर्ज देऊन त्याची पोच खिशात ठेवा आणि स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जा. एसटीत मांडीवर घेऊन नाही.

फोटो काढण्यापूर्वी तलवार स्वच्छ करायचा मोह होईल. पितळेची भांडी घासायच्या पुडीने तिला अजिबात हात लावू नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघर हेच होतं आणि दरवर्षी सोन्याचं थोडं काम, थोडी अक्षरं घासली जातात. मऊ सुती फडक्याने धूळ पुसा, नखाएवढं तेल लावा, बस. परजेच्या आतल्या बाजूला, जिथे गादी चिकटलेली असते तिथे, आणि पात्याच्या मुठीजवळच्या भागावर तिरका उजेड पाडून बघा. तुमच्या तिसऱ्या फोटोत चंद्रकोरींच्या खाली मला दोन-तीन अक्षरं असल्याचा भास होतोय. सकाळच्या उन्हात पुन्हा एक फोटो काढून पाठवा.